एक पगार, दोन घरं आणि मुलांची पोटगी

पोटगीचे प्रश्न या सदरात नेहमीच येतात, पण यावेळी जवळपास सगळी पत्रं एकाच गुंत्याबद्दल आहेत. पहिल्या घरातल्या मुलांसाठी कोर्टाने रक्कम ठरवून दिलेली आहे, मग दुसरं घर झालं, तिथेही मूल आलं, आता पैसे पुरवायचे कसे. पत्रं भारतातून आहेत, ब्रिटनमधून आहेत, अमेरिकेतूनही आहेत. कायदे वेगळे पण भांडण तेच, आधी जन्मलेल्या मुलाचा हक्क आधी की सगळी मुलं सारखी? काही देशांनी याचं उत्तर आकड्यांत लिहून ठेवलंय, काहींनी ते जजसाहेबांवर सोडलंय, आपण दुसऱ्या गटातले. नावं छापत नाहीये, आणि लांब पत्रं थोडी आटोपशीर केलीत.

प्रश्न: माझी मुलगी पहिल्या बायकोकडे असते. कोर्टाने ठरवलेली पोटगी मी कधीच चुकवली नव्हती. आता दुसरं लग्न झालंय, मुलगाही झालाय, खर्च वाढलाय म्हणून गेले काही महिने मी पहिल्या घरी थोडे कमी पैसे पाठवतोय, तसं तिला मेसेज करून सांगितलंय पण. मित्र म्हणतो दुसरं मूल झालं की पोटगी आपोआप कमी होते. खरं का?

उत्तर: नाही हो, 'आपोआप' वगैरे काही नसतं, आणि ते कमी पाठवणं आधी थांबवा. कोर्टाची ऑर्डर ज्या रकमेची आहे ती बदलेपर्यंत तेवढीच देणं लागता तुम्ही, तुम्ही पाठवता ते आणि ऑर्डरमध्ये आहे ते यातला फरक दर महिन्याला थकबाकी म्हणून साठत चाललाय. मेसेजचा उपयोग उलटाच होईल, की बघा यांनी स्वतःच लिहून दिलंय की कमी देतोय म्हणून.

रक्कम बदलून घ्यायचा रस्ता आहे आणि तो अगदी सरळ आहे. ऑर्डर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झाली असेल तर बदलाचा अर्ज पूर्वी कलम १२७ खाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात १२५ चं झालं १४४ आणि १२७ चं झालं १४६. घटस्फोटाच्या केसमध्येच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलीची रक्कम ठरली असेल तर त्याच कलमात ती पुढे बदलायची सोय आहे. आणि १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली ठरली असेल तर कलम २५. तुमची नेमकी कशाखाली आहे ते ऑर्डरच्या पहिल्या पानावर दिसेल, वकिलाकडे जाताना तो कागद घेऊन जा, नुसतं तोंडी सांगू नका.

परिस्थिती बदलली हे मात्र तुम्हाला दाखवावं लागतं, आणि दुसऱ्या मुलाचा जन्म हा बदल आहे, कोर्ट ते नाकारत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा एक निकाल यावर सगळे वकील दाखवतात. हायकोर्टाने पहिली बायको आणि मुलगा यांची पोटगी १६ हजारांवरून २३ हजार केली होती, नवऱ्याचं दुसरं लग्न झालेलं आणि त्या लग्नातून एक मूल होतं, सुप्रीम कोर्टाने ते लक्षात घेऊन रक्कम २० हजारांवर आणली. त्याच निकालात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा आकडा योग्य वाटतो असंही म्हटलंय, तेव्हापासून जो तो २५ टक्के २५ टक्के करत असतो, पण तो काही पक्का नियम नाही, केस पाहून वर-खाली होतो. मला त्या निकालातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. दुसरं कुटुंब झालं म्हणून २३ चे २० झाले, अर्धे झाले नाहीत. तुम्ही पहिली जबाबदारी माहीत असताना दुसरी घेतली, हे कोर्टाच्या डोक्यात असतंच. त्यामुळे थोडी सूट मिळेल अशी तयारी ठेवा, अर्धी होईल या हिशोबाने घर चालवायला घेऊ नका.

आणि थकबाकीचं. तिने वसुलीचा अर्ज केला तर वॉरंट निघतं, आणि त्यानंतरही पैसे भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. लोकांना वाटतं आत जाऊन आलो की हिशोब मिटला, तसं नाहीये, कैद भोगली तरी देणं राहतंच, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून आधी मागची तूट भरा, मग अर्ज करा. हप्ते चुकवलेला माणूस सवलत मागायला उभा राहिला की त्याचं म्हणणं ऐकण्याआधी कोर्ट थकबाकीचा आकडा विचारतं.

प्रश्न: माझ्या मुलाच्या वडिलांनी दुसरं लग्न केलंय आणि आता 'माझ्यावर अजून दोन माणसं अवलंबून आहेत' म्हणून पोटगी कमी करायला कोर्टात अर्ज टाकलाय. त्यांची दुसरी बायको चांगल्या नोकरीत आहे, कदाचित त्यांच्यापेक्षा जास्तच कमावते. तिचा पगार धरला जाईल का? मीही आता नोकरी करते, त्याने माझं नुकसान होईल का?

उत्तर: तिचा पगार त्यांच्या पगारात मिळवून तुमच्या मुलाची पोटगी ठरेल असं होत नाही. तुमच्या मुलाला सांभाळायची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर नाहीच, आणि खरं सांगायचं तर तशी ती असूही नये. पण ताई, त्यांचा अर्ज ज्या पायावर उभा आहे तो पाया तिच्या पगाराने नक्कीच हलतो. ते म्हणतायत दोन माणसं माझ्यावर अवलंबून आहेत, तर त्यातली एक कमावती आहे म्हणजे अवलंबून नाही. राहिलं मूल. त्या मुलालाही आई आहे आणि ती कमावते. १९५६ च्या कायद्याचं कलम २० मुलांना सांभाळायची जबाबदारी बाप आणि आई दोघांवर टाकतं, मग त्या बाळाचा सगळा खर्च एकट्या बापाच्या नावावर कसा काय मांडला? हा प्रश्न तुमच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारायलाच हवा.

यासाठी हत्यार आहे ते उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्राचं. रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये ४ नोव्हेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता, उत्पन्न, कर्जं, खर्च, अवलंबून असलेली माणसं असं सगळं ठरलेल्या नमुन्यात शपथेवर द्यायचं. त्या आधी काय व्हायचं, नवरा म्हणायचा माझा पगार एवढाच, बायको म्हणायची मला काहीच नाही, आणि कोर्ट अंदाजाने मधला आकडा काढायचं. आता निदान कागद तरी समोर येतात. त्यांनी प्रतिज्ञापत्रात दुसऱ्या बायकोला 'अवलंबून' लिहिलं असेल आणि ती नोकरीत असेल तर ही साधी चूक नाही, शपथेवर खोटं आहे, तसा अर्ज करता येतो.

अजून एक बघा, त्यांच्या खर्चाच्या यादीत घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, गुंतवणूक असं काय काय असेल. इन्कम टॅक्ससारखी सक्तीची कपात कोर्ट बाजूला काढतं, पण आपण होऊन घेतलेल्या कर्जाचे हप्ते मुलाच्या पोटगीच्या पुढे उभे करता येत नाहीत, असं कोर्टं सहसा म्हणतात. सगळी भिस्त त्या हप्त्यांवर ठेवून आलेले अर्ज मी बरेच पाहिलेत, फारसे टिकत नाहीत.

तुमच्या नोकरीबद्दल, लपवू नका. तीच धार तुमच्याकडेही वळते. रजनेश-नेहा निकालातच म्हटलंय की आई पुरेसं कमावत असेल तर मुलाचा शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येईल. म्हणजे तुमच्या पगारामुळे रक्कम थोडी खाली येऊ शकते, मुलाचा हक्क जात नाही. आणि मुलाचा खर्च चार वर्षांपूर्वीचा धरून बसला असाल तर आत्ताचा मांडा. पोटगी कमी करण्याच्या अर्जाला उत्तर देताना वाढीचा अर्जही टाकता येतो, बऱ्याच जणींना हे कोणी सांगतच नाही.

प्रश्न: मी 'दुसरी बायको' आहे, त्यामुळे माझी बाजू कोणी छापत नाही. नवऱ्याच्या पगारातून पहिल्या घरी ठरलेली रक्कम जाते, उरेल त्यात आमचं. मी नोकरी करत नाही, मूल लहान आहे. माझं मूल नंतर जन्मलं हा त्याचा गुन्हा आहे का?

उत्तर: अजिबात नाही, आणि छापतेय बघा. तुमच्या मुलाचा हक्क कायद्यात पहिल्या मुलाइतकाच आहे. फरक एवढाच की पहिल्या मुलाचा हक्क कोर्टाच्या कागदावर आकडा होऊन बसलाय आणि तुमच्या मुलाचा नाही, तो घरातच मुरतो, त्यामुळे तो कोणाला दिसत नाही. तो दिसेल असा मांडणं हे काम तुमच्या नवऱ्याचं आहे आणि ते त्यांनी अर्जातच करायचं असतं. तुम्ही त्या केसमध्ये पक्षकार नसता, पण बाळाच्या खर्चाच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद, तुम्ही सध्या नोकरी का करू शकत नाही याचं कारण, हे सगळं तुम्हीच जमवून देऊ शकता.

हिशोब कसा बसतो बघायचा असेल तर दिल्ली हायकोर्टाने २००४ मध्ये सांगितलेली एक पद्धत आहे. कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे एक केक धरायचा. कमावणाऱ्याला दोन वाटे, कारण कमवायलाही खर्च येतो, आणि बाकी प्रत्येकाला एकेक. आता तुमच्या बाबतीत पगार शंभर धरा. नवऱ्याचे दोन वाटे, पहिली बायको एक, तिचं मूल एक, तुम्ही एक, तुमचं मूल एक, झाले सहा. एक वाटा साधारण पावणेसतरा. म्हणजे पहिल्या घरी तेहतीस-चौतीस जातील. तुम्ही कमावत असता तर तुमचा वाटा निघाला असता, पाचच वाटे राहिले असते, एक वाटा वीसचा आणि पहिल्या घरी चाळीस. पहिल्या बायकोने पुन्हा लग्न केलं असेल तर तिचा वाटा निघतो, मुलाचा मात्र राहतो. हे सूत्र सगळी कोर्टं वापरतात असं नाही, पण वाटाघाटीला बसताना याच्याइतकं सोपं गणित दुसरं नाही, दोन्ही घरांना समोरासमोर कागदावर दाखवता येतं.

मला विचाराल तर तुमचा राग पहिल्या घरातल्या मुलावर किंवा त्याच्या आईवर काढून काही हाती लागत नाही. दोन घरांना पुरेल एवढा पगार नाही हे खरं दुखणं आहे, आणि कोर्ट पगार वाढवून देऊ शकत नाही.

प्रश्न: ज्यांच्याशी लग्न केलं त्यांचं आधीचं लग्न मोडलेलं नव्हतं हे मला नंतर कळलं. आता ते त्या घरी परत गेलेत. आमचं एक मूल आहे. 'लग्नच कायदेशीर नाही, पोटगी कसली' असं म्हणतात.

उत्तर: मुलाच्या बाबतीत ते साफ चुकीचं बोलतायत. कलम १२५ मध्ये, आता १४४, मूल औरस असो की अनौरस, बापाने सांभाळायचं असं स्पष्ट लिहिलंय. १९५६ च्या कायद्यातही तसंच आहे, आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ तर अशा रद्दबातल लग्नातल्या मुलांना औरसच मानतं. मुस्लिम वाचकांसाठी म्हणून सांगते, मुलांची पोटगी आणि घटस्फोटित आईची पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आईला काय मिळालं किंवा नाही मिळालं याने मुलांचा सज्ञान होईपर्यंतचा हक्क संपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच म्हटलंय.

तुमच्या स्वतःच्या पोटगीचं जरा अवघड आहे. आधीचं लग्न टिकून असताना झालेल्या लग्नातल्या बायकोला कलम १२५ खाली पोटगी नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आहे. पण आधीचं लग्न लपवून फसवणूक केलेली असेल तर ती बायको म्हणून पोटगीला पात्र आहे, असं त्याच कोर्टाने २०१३ मध्ये म्हटलंय, आणि तुमचं पत्र वाचून तुम्ही या दुसऱ्या प्रकारात बसता असं मला वाटतं. तुम्हाला माहीत नव्हतं याचा पुरावा जपून ठेवा. अर्ज दोघांचा एकत्र करा पण रकमा वेगवेगळ्या मागा, म्हणजे तुमच्या मुद्द्यावर वाद लांबला तरी मुलाची अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, रक्कम अडकून राहणार नाही. अंतरिम अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यातच आहे. प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते वेगळं, पण हे वाक्य कोर्टाला आठवण करून द्यायला बरं पडतं.

प्रश्न: मी ब्रिटनमध्ये असतो. पहिल्या पार्टनरकडे दोन मुलं, दुसऱ्या पार्टनरकडे एक, आणि आता जिच्याबरोबर राहतो तिचं आधीचं एक मूल आमच्याकडेच असतं. पहिलीला मी आधी जे देत होतो ते दुसरीने क्लेम केल्यावर चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसने (पोटगी ठरवणारं इथलं सरकारी खातं) कमी केलं, आता ती म्हणते मीच काहीतरी खोटं सांगितलं. हे असं होतं का?

उत्तर: होतं, आणि तुम्ही काही केलेलं नसतानाही होतं. तिथली पद्धत भारतापेक्षा पूर्ण वेगळी आहे, जजच्या विवेकावर फार थोडं आहे आणि जवळपास सगळं टक्केवारीवर चालतं. पैसे देणाऱ्याचं टॅक्सपूर्वीचं आठवड्याचं उत्पन्न घेतात. आधी त्याच्या आत्ताच्या घरात राहणाऱ्या मुलांसाठी काही भाग बाजूला काढतात, एक मूल असेल तर ११ टक्के, दोन असतील तर १४, तीन किंवा जास्त असतील तर १६. यात तुमच्या पार्टनरचं मूलही धरतात, तुम्हाला किंवा तिला त्याचा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता, मिळत असेल तर. भारतात सावत्र मुलासाठी असं काही नाही. मग उरलेल्यावर, ८०० पौंडांपर्यंत, एका मुलासाठी १२ टक्के, दोनसाठी १६, तीन किंवा जास्त असतील तर १९, आणि ही मुलं सगळ्या घरांतली मिळून मोजायची. आलेली रक्कम मुलांच्या संख्येने भागायची आणि ज्या घरी जितकी मुलं तितके भाग तिकडे.

समजा तुमचं आठवड्याचं उत्पन्न ६०० पौंड आहे. ११ टक्के म्हणजे ६६ गेले, राहिले ५३४. त्याचे १९ टक्के १०१ पौंड ४६ पेन्स. तीन मुलांत भागले की प्रत्येकी ३३ पौंड ८२. पहिलीला दोन मुलांचे ६७ पौंड ६४, दुसरीला ३३ पौंड ८२. दुसरीचा क्लेम नसता तर पहिलीला ५३४ चे १६ टक्के म्हणजे ८५ पौंड ४४ मिळाले असते. तिचे जवळजवळ १८ पौंड कमी झाले ते असे, त्यात खोटं कोणीच बोललेलं नाही. मुलं वर्षातल्या ५२ किंवा जास्त रात्री तुमच्याकडे झोपत असतील तर अजून कपात होते, ५२ ते १०३ रात्रींना एक सप्तमांश, पुढे वाढत जाते, आणि ती त्या त्या मुलाच्या रकमेतून जाते. तिला हे गणित कागदावर लिहून पाठवा, शांतपणे. तिला एक चिठ्ठी आली असेल आणि त्यात नुसता नवा आकडा असेल, कोणालाही संशय येईलच.

म्हणजे ब्रिटनने उत्तर दिलंय की सगळी मुलं सारखी, आधी-नंतर नाही. पैसे देणाऱ्याच्या नव्या पार्टनरचा पगार तिथेही मोजत नाहीत, आणि उत्पन्न वर्षाच्या मध्येच बदललं तर फरक २५ टक्क्यांचा तरी असावा लागतो तेव्हा आकडा हलतो. नवीन मूल आलं तर मात्र लगेच कळवायचं.

प्रश्न: अमेरिकेत नोकरी करते. हो, पोटगी मी देते, बायकाही देतात! दोन मुलं दोन वडिलांकडे, दोन वेगळ्या राज्यांच्या ऑर्डरी. कंपनीने सांगितलं दोन्ही मिळून पगारात बसत नाहीत. कोणाला आधी जाणार? आणि मी एकाच कोर्टात जाऊन दोन्ही कमी करून घेऊ शकते का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, नाही. ज्या राज्याने ऑर्डर काढली तेच राज्य ती बदलतं, निदान तुमच्यापैकी कोणी तिथे राहत असेपर्यंत. त्यामुळे दोन अर्ज, दोन ठिकाणी. आणि दोन्हीकडे दुसऱ्या ऑर्डरची प्रत जोडायची, कारण एका राज्याला दुसऱ्याचं माहीत असेलच असं नाही.

पगारातून किती कापता येतं त्याला केंद्राची मर्यादा आहे. सक्तीच्या कपाती जाऊन हातात येणाऱ्या पगाराच्या ५० टक्के, तुम्ही आणखी एखाद्या जोडीदाराला किंवा मुलाला पोसत असाल तर, नसाल तर ६०. थकबाकी १२ आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर दोन्हींत ५ टक्के वाढतात. राज्यं याहून कमी मर्यादा घालू शकतात. त्या मर्यादेत दोन्ही बसत नसतील तर आधी आलेल्या ऑर्डरला पूर्ण आणि दुसरीला शून्य असं कंपनीला करता येत नाही, राज्याच्या नियमाने दोन्हींत वाटावं लागतं, कुठे रकमेच्या प्रमाणात, कुठे सारखं. पण एक लक्षात घ्या, कंपनीने कमी कापले म्हणजे तुमचं देणं कमी झालं असं नाही, उरलेलं थकबाकीत जातं. (भारतात दिवाणी कोर्टाच्या हुकमाच्या (डिक्रीच्या) वसुलीत पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांश भाग वाचवतात, म्हणजे दोन तृतीयांशपर्यंत जप्ती येऊ शकते, तेव्हा तिकडचेच कडक असं समजू नका.)

कमी करून किती होईल ते राज्यावर आहे, आणि आधी-नंतरच्या भांडणाची दोन वेगळी उत्तरं इथे एकाच देशात सापडतात. विस्कॉन्सिनमध्ये एका मुलासाठी ढोबळ उत्पन्नाचे १७ टक्के. आधीच्या मुलाची जबाबदारी पहिल्यांदा वजा होते, मग उरलेल्यावर दुसऱ्याचे १७. म्हणजे शंभरातले पहिल्याला १७ आणि दुसऱ्याला ८३ चे १७ टक्के, १४ च्या आसपास. टेक्सासमध्ये एका मुलाला निव्वळ उत्पन्नाचे २० टक्के, पण दुसऱ्या घरी अजून एका मुलाची कायदेशीर जबाबदारी असेल तर तक्त्यात तेच साडेसतरा होतात, आणि जन्माच्या क्रमाने फरक पडत नाही. पहिल्याला मात्र ते आपोआप लागू होत नाही, तिथेही अर्ज करूनच. मला टेक्सासचा तक्ता जास्त माणुसकीचा वाटतो, पण विस्कॉन्सिनवाल्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही, की पहिल्या मुलाचं आयुष्य ज्या रकमेवर बेतलं गेलंय ती आई-वडिलांच्या नंतरच्या निर्णयाने का हलावी.

आणि घाई करा. १९८६ पासून तिथे केंद्राचा कायदा असा आहे की देय झालेली रक्कम कोणत्याही कोर्टाला मागे जाऊन कमी करता येत नाही, फार तर अर्जाची नोटीस समोरच्याला गेली त्या तारखेपासून. तुम्ही विचार करत घालवलेला प्रत्येक महिना पूर्ण दराने लागतो.

प्रश्न: घटस्फोटाच्या वेळी आम्ही लिहून घेतलं होतं की बायको मुलांसाठी कधीच काही मागणार नाही. त्यावर विसंबून मी पुढे दुसरं कुटुंब केलं. आता तिने मुलांतर्फे अर्ज केलाय. करार दाखवला की केस संपेल ना?

उत्तर: नाही संपणार. मुलांचा हक्क मुलांचा आहे, आई तो लिहून सोडू शकत नाही. बदल्यात तिला घर किंवा मोठी रक्कम दिली असेल तर रक्कम ठरवताना ते सांगा, त्याचा विचार होतो. दुसरं कुटुंबही दाखवा, वर लिहिलंय तसं.

प्रश्न: माझ्या दोन मुलांची मिळून एकच रक्कम ऑर्डरमध्ये आहे. मोठा मुलगा १८ चा झाला, धाकटी मुलगी १६ ची आहे. मोठ्याचे अर्धे आता दुसऱ्या घरातल्या मुलाकडे वळवले तर चालतील?

उत्तर: ऑर्डरमध्ये 'मोठ्याला इतके, धाकटीला इतके' असं असतं तर मोठ्याचे १८ ला थांबले असते. कलम १४४ खाली सज्ञान झाल्यावर पोटगी सहसा संपते, शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःला सांभाळू शकत नसेल तर वेगळं. पण एकत्र रकमेची ऑर्डर आपण होऊन अर्धी करता येत नाही, कारण दोन मुलांचा खर्च निम्मा-निम्मा असतो असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही, घराचं भाडं एक मूल कमी झालं म्हणून अर्धं होत नाही. बदलाचा अर्ज करा, त्यात मोठा सज्ञान झाला हेही लिहा आणि दुसऱ्या घरातलं मूलही लिहा, दोन्ही कारणं एकाच अर्जात बसतात. नवी ऑर्डर होताना धाकटीची रक्कम तिच्या नावाने वेगळी लिहून मागा. ती मुलगी आहे हेही ध्यानात असू द्या, अविवाहित आणि स्वतःचा खर्च स्वतः भागवू न शकणाऱ्या मुलीची जबाबदारी १९५६ च्या कायद्याखाली १८ नंतरही राहते, त्यासाठी तिला वेगळा अर्ज करावा लागतो इतकंच, तेव्हा तिचे पैसे दोन वर्षांनी मोकळे होतील असा हिशोब आत्ताच मांडू नका.